दादाचं वेड, माझी देवी

आमच्या घरात एकाच आजाराला दोन नावं होती. माझ्या भावाला झाला तेव्हा लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. मला झाला तेव्हा म्हणाले, अंगात देवी आली. भावाला खांबाला बांधून ठेवलं आणि मला पाटावर बसवून हळदीकुंकू लावलं. आजार तोच होता, स्किझोफ्रेनिया. हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही, पण त्याच्या गोळ्या मी रोज घेते.

माझं नाव शोभा. माहेर शिरोळकडं नदीकाठी, सासर हुपरी. घरात चांदीचं काम चालतं. हे, म्हणजे माझे मालक, पैंजण घडवतात आणि मी त्याला घुंगरू जोडते. लिहिणं हे माझं काम नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्यासारख्या बायका माझ्याकडं फार उशिरा येतात. तुम्ही लिहा, एखादी तरी लवकर येईल." म्हणून बसलेय. गोड शेवट हवा असेल त्यानं इथंच उठावं, माझ्याकडं तो नाही.

पोरगी झाली, सुटलीस

दत्तूदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. ट्रॅक्टर चालवायचा, आणि चालवायचा म्हणजे गावात नाव होतं त्याचं. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून बांधावरून मागं घ्यायचा तर म्हातारी माणसं बघत उभी राहायची. एकोणिसाव्या वर्षी एका हंगामात त्यानं भर रस्त्यात ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरून बसला. इंजिन आपल्याबद्दल बोलतंय म्हणाला. त्यानंतर तो ट्रॅक्टरवर कधी बसला नाही.

वडिलांनी त्याला कुठं कुठं नेलं ते सांगत बसत नाही. धूर, लिंबं, चाबूक, सगळं झालं. खऱ्या डॉक्टरकडं पोचेपर्यंत इतकी वर्षं गेली, की गोळ्यांनी आवाज कमी केले पण माणूस काही सगळा परत आला नाही.

वडिलांचा चुलताही असाच होता, आणि त्यांचा एक चुलतभाऊ. तिघंही पुरुष. त्यावरून आमच्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की हे आपल्यात गड्यांना येतं, बायकांना येत नाही. माझी एक आत्या वर्षानुवर्षं गोठ्यात बसून भिंतीशी बोलायची. तिला कुणी यात धरलंच नाही. तिच्याबद्दल म्हणायचे, "तिचा सोभावच तसला हाय." बाकीच्या पोरी लग्न होऊन गेल्या. तिकडं त्यांचं काय झालं, हे माहेरी कोण विचारतंय.

मला दिवस गेले तेव्हा मी अंबाबाईला नवस बोलले, की मुलगी होऊ दे, खणानारळानं तुझी ओटी भरीन. आमच्याकडं असा नवस कुणी बोलत नाही. पण मुलगा झाला असता तर त्याच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी श्वास रोखून बसले असते. मुलगी झाली. सासूबाईंचं तोंड उतरलं. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. माझी आई मात्र बाळंतिणीच्या खोलीत माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "पोरगी झाली, सुटलीस गं बाई."

मी नवस फेडला. मुलीचं नाव मयूरी ठेवलं. दुसऱ्या मुलाचं नाव मी काढू दिलं नाही, त्यापायी वीस वर्षं आत्तींचं बोलणं खाल्लं. चालायचं, म्हटलं. आम्ही सुटलोय ना.

मंगळवार आणि शुक्रवार

मला त्रेचाळिसावं लागलं होतं. पाळी मागंपुढं व्हायला लागलेली, झोप उडालेली. दुपारी घुंगरू जोडत बसले होते आणि मागच्या अंगणातून कुणीतरी हाक मारली, "शोभा." मी उठून बघून आले. कुणी नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा. मग हाक मारणारा बोलायला लागला, आणि त्याला जोडीदार मिळाला. मी उठले की एक म्हणायचा, उठली बघ. दुसरा म्हणायचा, आता पाणी पिणार. मी पाणी पिऊ की नको, याचाच विचार करत हंड्याजवळ उभी राहायची.

यांनी दिलेला चहा मी ओतून द्यायला लागले. त्यात काही घातलंय असं ते दोघं सांगायचे. केस विंचरणं सोडलं. मधेच घुमायची, मधेच उत्तरं द्यायची.

आत्तींनी हे सगळं बघितलं आणि हात जोडले. "वारं हाय हे," त्या यांना म्हणाल्या. "आई आलीया घरात. केसाला कंगवा लावू नका तिच्या, मी सांगतो."

यांना माझा भाऊ माहीत होता. तरी त्यांच्याही डोक्यात आलं नाही, कारण तो गड्यांचा आजार होता. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात आलं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी बायका यायला लागल्या. खण, नारळ, तांदूळ घेऊन माझी ओटी भरायच्या. पोरीचं लग्न कधी जमंल, म्हस कधी सापडंल, असं विचारायच्या. ज्या आत्तींना वीस वर्षांत माझ्या आमटीत मीठ कधी बरोबर सापडलं नाही, त्या माझ्या पाया पडत होत्या. खोटं कशाला बोलू, ते मला बरं वाटायचं. ज्याला मी भीत होते त्याला सगळेच भीत होते, आणि वर हात जोडत होते.

पण बायका गेल्या की ते दोघं मला घाण घाण बोलायचे. माझ्या अंगाबद्दल, माझ्या मुलीबद्दल. देवी असलं बोलेल का, असं मनात यायचं. हे कुणाला सांगणार? देवीच्या तोंडात शिव्या आहेत असं मी म्हटलं असतं, तर पाप माझंच ठरलं असतं. मी इतकी घाबरलेली आयुष्यात कधी नव्हते. मयूरी कॉलेजातून आली की ओला टॉवेल घेऊन माझ्या कपाळावरचं कुंकू पुसायची.

भाऊबीज

त्या वर्षी भाऊबीज मंगळवारी आली. दत्तूदादा एसटीनं आला. आई गेल्यापासून तो चुलतभावाकडं राहतो. गोळ्यांनी अंग सुटलंय, हात थरथरतात, चहा कपापेक्षा बशीत जास्त असतो. गल्लीतली पोरं त्याला येडा मामा म्हणतात आणि तोही त्यांना हात करतो.

आत बायकांची गर्दी होती. आत्तींनी त्याला बाहेर कट्ट्यावर बसायला सांगितलं. तो ऐकून घेऊन आत आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. सगळ्या वाकत होत्या, तो वाकला नाही. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिला. माझे ओठ हलत होते ते बघत होता, हे मला नंतर कळलं.

"शोभे," तो हळू म्हणाला, "किती जणं हायत?"

मला कुणी हे विचारलंच नव्हतं. "दोघं," मी म्हणाले.

"माझी तिघं हुती. शिव्या देत्यात?"

"व्हय."

"पोरीवरनं बोलत्यात?"

मी रडायला लागले. तो मागं वळून यांना म्हणाला, "पावणं, ही देवी न्हवं. हे माझंच हाय. डोक्याच्या डॉक्टरकडं न्या हिला."

बायका हसल्या. आत्ती म्हणाल्या, "आता येड्यानं शाण्यास्नी सांगायचं व्हय?"

दादाला राग आला नाही. त्याला राग येताना मी बघितलेलंच नाही कित्येक वर्षांत. त्यानं शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्यासमोरच्या ताटात, खणानारळाच्या शेजारी ठेवलं. "मला लई उशिरा दिल्या," तो म्हणाला. "हिला बेगीनं द्या."

मग मी त्याला ओवाळलं. निरांजन विझलं, मयूरीनं ते परत लावलं.

हे कमी बोलणारे. चार दिवसांनी आत्तींना म्हणाले, हिला अंबाबाईच्या दर्शनाला नेतो. आत्तींनी खण-नारळ बांधून दिला. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो आणि यांनी देवळाऐवजी दवाखान्याची रिक्षा केली. नारळ पिशवीत तसाच राहिला.

जीभ दाखवा

डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का? हे सवयीनं "न्हाय" म्हणाले. मी म्हणाले, "भाऊ हाय." एवढ्या महिन्यांत ते पहिलं वाक्य होतं, जे माझं मी बोलले.

मला दाखल करून घेतलं. वॉर्डातली सकाळ नर्सच्या हाकेनं व्हायची. ओळीनं उभं राहायचं, गोळी घ्यायची, पाणी प्यायचं आणि जीभ दाखवायची. गालात गोळी दडवून ठेवणाऱ्या आम्ही सगळ्याच होतो, त्यामुळे कुणाला त्याचा राग येत नसे. देवी म्हणून पाया पडून घेतलेली बाई नर्सपुढं आ करून उभी राहायची. पहिले काही दिवस मी त्यावर रडले, मग माझं मलाच हसू आलं.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, पाय एका जागी ठरायचे नाहीत. शेजारच्या खाटेवर कसबा बावड्याची सरिता होती, दोन लेकरांची आई. तिला सहावा महिना असताना सुरू झालं होतं. नवरा दाखल करून गेला तो आलाच नव्हता. भेटायच्या वेळी ती केस बांधून दाराकडं तोंड करून बसायची.

समोर अंगणापलीकडं पुरुषांचा वॉर्ड. तिथली माणसं उन्हाला यायची तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बरीचशी पोरंच आहेत. मिसरूड फुटलेली, दत्तूदादा तेव्हा होता तसली. आमच्या बाजूला बहुतेक लेकुरवाळ्या, काही माझ्या वयाच्या, एक तर आजी झालेली. भेटायच्या वेळी त्या पोरांच्या आया डबे घेऊन रांगेत उभ्या असायच्या. आमच्या बाजूला रांग लागायची नाही. आमचा डबा करणाऱ्या आम्हीच, आणि आम्ही तर आत.

हे मात्र यायचे. दिवसाआड, नखात चांदीची काळी धूळ घेऊन, पिशवीत केळी. वेळ संपेपर्यंत बसायचे. एकदा त्यांनी एक केळं सोलून सरिताला दिलं आणि म्हणाले, "तुमचं मालक बी येतील की." ती त्या दिवशी जेवली. या माणसाचं मी तोंडावर कधी कौतुक केलेलं नाही, म्हणून इथं करते.

आवाज हळूहळू लांब गेले. पूर्ण गेले नाहीत. आता शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीतून ऐकू यावा तसे असतात, शब्द लागत नाहीत.

डॉक्टरबाईंचं उत्तर

सुटी मिळायच्या दिवशी मी डॉक्टरबाईंना म्हणाले, "बाई, हे आमच्यात गड्यांना येतं. मला कसं झालं?"

त्या म्हणाल्या, "रक्तातून जे येतं ते मुलगा-मुलगी बघून येत नाही. मुलांना हा आजार बहुधा लवकर गाठतो, ऐन विशीत. बायकांना बरेचदा उशिरा, काहींना तर पाळी जायच्या सुमाराला. तुमच्या घरच्यांनी फक्त विशीपर्यंत बघितलं. पुढं बघितलंच नाही."

मला गोठ्यातली आत्या आठवली.

"मग माझी मयूरी?"

"वारसा असला म्हणजे आजार होतोच असं नाही. इतरांपेक्षा शक्यता जास्त, तरी बहुतेकांना होत नाही."

"मुलीला कमी का जास्त?"

"यावर अजून शोध चाललाय. बाईला आजार व्हायचा तर वारशाचं ओझं पुरुषापेक्षा जास्त असावं लागतं, असं काहींना वाटतं. काहींना ते पटत नाही. मी ठाम सांगू शकत नाही."

"तपासणी न्हाय का काही? रक्ताची?"

"नाही."

त्या प्रामाणिक बाई आहेत, पण त्या दिवशी त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मला वाटलं. मी येताना बसमध्ये एकच विचार करत होते. ओझं जास्त असल्यामुळे मला झालं असेल, तर तेच ओझं मी तिला दिलं. आणि देवीकडं मागून घेतली होती मी ती. दादाच्या वयाची भीती चुकवायला मुलगी मागितली आणि तिच्यासाठी लांबची भीती घेऊन आले. ती विशी पार करेल, तिशी पार करेल, आणि तरी कुणी तिला सुटलीस म्हणू शकणार नाही.

ओटी

मयूरी आता तेवीस वर्षांची आहे. कोल्हापुरात एका बालवाडीत शिकवते, हुपरीहून बसनं जाते-येते. मागच्या दिवाळीनंतर निपाणीकडचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता. दोघं आधी एकदा बाहेर भेटले होते आणि घरी आल्यावर मयूरी भांडी घासताना गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

आत्तींनी आधीच बजावलं, "आजारबिजार म्हणायचं न्हाय. वारं येत हुतं म्हणायचं. देवीचं घर म्हटल्यावर कोण नगं म्हणतंय?"

मयूरी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, तू काय बोलू नगंस. त्याला मी सांगतो, माझं मी, नंतर."

मी बरं म्हणाले. मनापासून म्हणाले.

बघायला पाच-सहा माणसं आली. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई माझ्याच वयाची, शांत बाई. चहा झाल्यावर तिनं पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले आणि उठून माझ्यासमोर आली. "अक्का," ती म्हणाली, "तुमच्यात आई येती म्हणून ऐकलंय. लगीन ठरायच्या आधी तुमची ओटी भरतो. आईनं व्हय म्हटलं की आमचं बी व्हय."

खोलीत सगळे हसऱ्या तोंडानं माझ्याकडं बघत होते. आत्तींनी मान हलवली. मयूरी दारात उभी होती. मला फक्त पदर पुढं करायचा होता.

ती बाई माझ्या तोंडून देवीचा होकार मागत होती. नुसतं गप्प बसायचं असतं तर मी बसले असते, मुलीसाठी काय वाटेल ते केलं असतं. पण पदर पुढं केला असता तर डोक्यातले ते दोघं आत बसून हसले असते, असं मला वाटलं. आणि मयूरीला उद्या काही झालं तर या बाईनंही तिला पाटावर बसवलं असतं, केस विंचरू नका म्हटलं असतं. मी पदर घट्ट धरला आणि म्हणाले, "देवी न्हाय ओ. आजार हाय. माझ्या भावाला बी हाय. गोळ्या चालू हायत माझ्या."

तिच्या हातातला नारळ तसाच राहिला. मुलाच्या काकांनी घसा साफ केला. मग सगळे उठले, कुणीच वाईट बोललं नाही. जाताना ती बाई चपला घालता घालता माझ्याजवळ आली. "खरं सांगितलंसा अक्का, उपकार झालं," ती म्हणाली. "पर मी बी पोराची आई हाय." तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. मुलाचा नंतर एकदा फोन आला. मयूरी अंगणात जाऊन बोलली आणि परत आल्यावर तिनं त्याचा नंबर काढून टाकला.

मी बरोबर केलं का, हे मला विचारू नका. सांगायचा हक्क तिचा होता, तो मी घेतला. आत्ती अजून माझ्या हातचं जेवत नाहीत. मयूरीनं माझ्याशी बोलणं टाकलं. डबा घ्यायची, जायची, यायची.

न्हाय

बरेच आठवडे असे गेले. मग एका रविवारी मी घुंगरू जोडत बसले होते, ती येऊन समोर बसली. पक्कड घेतली आणि कड्या जुळवायला लागली. लहानपणी करायची तसं.

"आई," तिनं वर न बघता विचारलं, "तुला पैल्यांदा काय ऐकू आलतं?"

मी तिला सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही. कुणीतरी मागच्या अंगणातून नावानं हाक मारली, आवाज अगदी खरा होता, मी उठून बघून आले. पहिल्यांदा भीती वाटली नाही, नवल वाटलं. दुसऱ्यांदाही कुणाला सांगितलं नाही, तिथं सगळं बिघडलं. हाक आली आणि माणूस नसलं तर त्याच दिवशी सांग, मी नसले तर बाबांना सांग, कुणीच नसलं तर दत्तूमामाला सांग. त्याला खोटं वाटणार नाही.

ती ऐकत होती. एक पैंजण पुरं झालं, तिनं ते हलवून बघितलं, घुंगरू नीट वाजतात का ते.

"मला अजून न्हाय आली," ती म्हणाली.

तेव्हापासून ती बोलते माझ्याशी. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तिला रोज विचारत जाऊ नका, तिला जगू द्या. मी विचारत नाही. पण संध्याकाळी बसमधून उतरून ती घरात येते, दारात चपला काढते, माझ्याकडं बघते आणि आपणहून म्हणते, "न्हाय."

मी मान हलवते आणि चहा ठेवते. मला हाक आली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. ती तेवीस वर्षांची आहे.